टपरीचे जलावतरण

चिलोए बेटावरील पिल्देन सरोवराच्या दक्षिण तीरी, कोइपुल्ली या गावी, फेब्रुवारीच्या एका शनिवारी सकाळी आणि त्यालगतच्या सोमवारी जे घडले, त्याविषयी मी, एरास्मो कार्कामो, स्पॅनिश भाषेचा निवृत्त शिक्षक, पुढील निवेदन स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीत करीत आहे. शुद्धीत असे मुद्दाम लिहितो; कारण त्या दिवशी गावात सफरचंदाची दारू मुक्तपणे वाहत होती, आणि मी तिला स्पर्श केला नव्हता असे शपथेवर सांगणारा एकही इसम आज माझ्या बाजूने उभा नाही.

माझी मागणी क्षुल्लक होती. मला माझी होडी पाण्यात सोडायची होती. सरोवरात पाणी होते, अंगणात होडी होती, आणि दोहोंच्या मध्ये आजोबांच्या काळापासून वापरात असलेला, दगड बसवलेला, गावाच्या मालकीचा उतार होता. या तीन वस्तू एकत्र आणण्यास वर्ष लागते, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी त्यास वर्गाबाहेर उभे केले असते.

होडी मी हौसेखातर करवून घेतली नव्हती. माझी पत्नी एदुविना हिची थोरली बहीण ओतिलिया सरोवराच्या पलीकडच्या तीरावर राहते. तिकडे गाडीरस्ता नाही. डोंगरातून घोड्याची वाट आहे. परंतु एदुविना आणि घोडा यांचे परस्परांविषयीचे मत आमच्या लग्नाआधीपासून वाईट आहे. उतार सोडला तर आमच्या बाजूचा सारा किनारा म्हणजे कमरेएवढी दलदल. म्हणून एदुविना दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या होडीतून बहिणीकडे जाई, दिवसभर तिच्याशी भांडे, आणि संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्याने परत येई. शिक्षकाच्या पत्नीने दर आठवड्याला शेजाऱ्यांपुढे होडीसाठी तोंड वेंगाडावे हे मला रुचत नव्हते. निवृत्त होताच मी सुरूच्या लाकडाची होडी बांधवून घेतली आणि तिला ‘कोंकोर्दिया’ हे लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ सलोखा. त्या वेळी श्री. फेर्मिन लार्रागिबेल नावाचा मनुष्य पृथ्वीवर आहे हे मला ठाऊक नव्हते.

हे गृहस्थ राजधानीचे. त्यांनी उताराच्या दोन्ही अंगांची जमीन विकत घेतली, आणि ज्याच्या दोन्ही हातांत पाव असतो त्याला मधले लोणीही आपलेच वाटते, त्या न्यायाने उतारावर फाटक घातले. फाटकाला जोडून एक लाकडी टपरी, टपरीत एक राखणदार, आणि टपरीवर एक फलक: ‘सरोवर विश्रांती घेत आहे. नौका व व्यक्तींस प्रवेश नाही. निसर्गाच्या वतीने आभार.’ निसर्गाने आपले वकीलपत्र श्री. लार्रागिबेल यांस केव्हा दिले याचा खुलासा फलकावर नव्हता. सरोवर विश्रांती घेत असताना त्यांचे पाहुणे त्यांच्या खाजगी धक्क्यावरून पाण्यातल्या फटफट्या काढून त्याच्या छातीवर दिवसभर घिरट्या घालीत, आणि प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबांचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे.

राखणदार होता लिंदोर, माझा माजी विद्यार्थी. त्याला मी शालान्त वर्गात नापास केले होते, आणि तो निर्णय आजही मला योग्यच वाटतो. त्याने मला पाहताच टपरीतल्या टपरीत उभे राहून नमस्कार केला.

“सर, माझा नाइलाज आहे. साहेब म्हणालेत, होडी नाही, माणूस नाही, आणि काहीही झालं तरी टपरी सोडायची नाही.”

“लिंदोर, हा उतार कोणाचा?”

“गावाचा, सर.”

“मग मला अडवणारा तू कोण?”

“पगारी, सर.”

या उत्तरात तर्कदोष नव्हता, आणि त्यामुळेच माझा संताप अधिक झाला.

मी कायदा मानणारा मनुष्य आहे. मी नगरपालिकेत गेलो. तेथील बाईंनी माझा अर्ज वाचून, त्यातील भाषेची स्तुती करून, असे मत दिले की उतार जमिनीवर असला तरी त्याचा उद्देश पाणी आहे, आणि पाणी बंदर कचेरीचे. बंदर कचेरी अर्थातच बंदरात, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे सार्जंट पायाकार नावाचे अत्यंत सौजन्यशील अधिकारी बसतात. सौजन्य हा त्यांच्यावरील माझा पहिला आक्षेप आहे. उद्धट माणसाशी निदान भांडता येते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले की हा उतार सार्वजनिक म्हणून त्यांच्या दप्तरी आहे. मात्र तो अडवल्याची तक्रार नोंदणी झालेल्या नौकेच्या मालकानेच करावयाची असते.

“मग माझ्या होडीची नोंदणी करा.”

“आनंदाने. तपासणी करून लगेच करू. फक्त होडी तरंगत असली पाहिजे.”

“उतार बंद आहे. ती तरंगणार कशी?”

“उतार बंद असेल तर तक्रार करा ना, मास्तर.”

“त्यासाठी नोंदणी लागते.”

“बरोबर,” सार्जंट म्हणाले. भूमितीचे प्रमेय सुटल्यावर मुलांच्या मुद्रेवर दिसते ते समाधान मी त्यांच्या मुद्रेवर पाहिले, पेला टेबलावर आवश्यकतेपेक्षा जोरात ठेवला, आणि बाहेर पडलो. पेला फुटला नाही. ही गोष्ट माझ्या बाजूची आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

यापुढचे महिने सल्ल्यांत गेले. आमच्या गावात पाऊस आणि सल्ला या दोन गोष्टी न मागता मिळतात. दुकानवाल्या नोल्फाबाईंचे म्हणणे, लार्रागिबेलसाहेबांना घरी चहाला बोलवा, माणूस खाल्लं की मऊ होतो. पाद्रीबाबांनी संयम सुचवला. त्यांचे कोणी पलीकडे राहत नव्हते. बैलवाले बाल्दोमेरोभाऊ कुंपणाला टेकून नुसतेच विचारीत, “मास्तर, ते फाटक केवढं जड असेल हो?” मी त्यांना समजावून सांगे की प्रश्न वजनाचा नसून हक्काचा आहे. ते मान डोलवीत आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारीत.

दरम्यान कोंकोर्दिया अंगणात अलुबुखारच्या झाडाखाली दोन ओंडक्यांवर पडून होती. कोंबड्यांनी ती सर्वानुमते ताब्यात घेतली. त्यांच्याकडे कोणतेही परवाने नव्हते आणि त्यांना कोणी विचारले नाही. फळ्या सुकल्या, सांध्यांतून उजेड दिसू लागला. लाकडी होडी पाण्यावाचून आक्रसते आणि पाण्यात पुन्हा फुगून घट्ट होते, हे मी स्वतः अनेकांना समजावून सांगितले आहे. सांध्यांतील प्रत्येक फटीची जबाबदारी मी श्री. लार्रागिबेल यांच्यावर टाकतो.

एदुविनाचे रविवार आता टेकडीवर जात. गावात फोनची लहर फक्त देवळामागच्या टेकडीवर सापडते, म्हणून ती दर रविवारी वारा-पावसात टेकडी चढे आणि तेथून बहिणीशी मोठमोठ्याने भांडण्याचा प्रयत्न करी. परंतु आवाज मध्येच तुटे, आणि तुटणाऱ्या आवाजात समाधानकारक भांडण होत नाही. ती खाली येई तेव्हा तिचे डोळे लाल असत. मी कारण विचारले की म्हणे, “वारा होता.” एका रविवारी पान हलत नव्हते, तेव्हाही वारा होता. त्या दिवशी मी तीन अर्ज लिहिले.

फेब्रुवारीत सार्जंट पायाकार यांचे पत्र आले. श्री. लार्रागिबेल यांनी अर्ज केला होता की, ज्या उतारावरून वर्षभर एकही नौका पाण्यात गेली नाही तो नियमाप्रमाणे सार्वजनिक यादीतून काढावा. सदर उतारावर गेल्या वर्षभरात कोणी फिरकलेच नाही, असे त्यांनी त्यात लिहिले होते. वर्ष महिनाअखेर पुरे होत होते. ज्याने दाराला कुलूप लावले तोच सांगतो की या घरात कोणी येत नाही, आणि सरकार ते लिहून घेते. मी पत्र एदुविनाला वाचून दाखवले. तिने बटाटा सोलता सोलता फक्त एवढेच विचारले, “म्हणजे ओतिलिया मेली तरी मी टेकडीवरूनच रडायचं का?”

मी हॅट घातली आणि बाहेर पडलो. शनिवारी सगळ्या गावाने नगरपालिकेवर शिष्टमंडळ न्यावे, सोबत सर्वांच्या सह्यांचे निवेदन द्यावे, असे मी ठरवले होते. पाऊस कोसळत होता. मी घरोघर गेलो. हॅट निथळत होती म्हणून दारात ती काढून हातात धरली. बुटांना चिखल होता म्हणून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नाही. आणि बाहेर उभे राहून प्रत्येक घरी एकच भाषण केले, जे माझ्या मते माझे आजवरचे सर्वोत्तम भाषण होते. “आपल्या सर्वांच्या वाटेवर एक ओझे उभे आहे,” मी म्हणालो. “ते माझ्या एकट्याच्याने हलणार नाही. मी माझ्यासाठी नव्हे, घरच्या माणसासाठी मागतो आहे. तुमचा हात द्या, खांदा द्या.”

परिणाम विलक्षण झाला. कोणी वाद घातला नाही. मात्र सही कोणी करीना. “सही कशाला, मास्तर? येतो म्हटलं ना,” एवढेच उत्तर. नोल्फाबाईंनी विचारले, जेवणाचं काय? इतक्या गंभीर प्रसंगी हा प्रश्न मला पोरकट वाटला. मी म्हणालो, त्याविषयी एदुविनाशी बोला. बाल्दोमेरोभाऊंनी विचारले, “बैल लागतील का?” नगरपालिकेच्या कारभारावरचा हा टोमणा मला आवडला. मी म्हणालो, “असतील तेवढे आणा.”

शनिवारी पहाटेपासून एदुविना अंगणात खड्डा खणवून त्यात तापलेले दगड, शिंपले, मांस आणि पोतेभर बटाटे रचीत होती. बायका रांगेने बसून बटाट्याच्या पोळ्या थापत होत्या. मला वाटले, कोणा संताचा सण असावा. मी असल्या गोष्टींकडे लक्ष देत नाही. काळा कोट घालून, सह्यांची जागा कोरी असलेले निवेदन काखोटीस मारून मी बाहेर आलो तो सगळा रस्ता बैलांनी भरला होता. जोडीमागे जोडी. दोरखंड, ओंडके, पहारी, आणि साल्मन माशांच्या कारखान्यातली निळी रिकामी पिंपे. बाल्दोमेरोभाऊंनी नवा सदरा घातला होता.

तेव्हा मला उमगले. आमच्या बेटावर घर हलवायचे झाले तर ते मोडीत नाहीत. ओंडक्यांवर चढवून बैलांनी अख्खे ओढून नेतात. याला मिंगा म्हणतात. ज्याचे काम त्याने दारोदार जावे, टोपी हातात घ्यावी, उंबऱ्याबाहेर उभे राहून विनंती करावी. ज्याला विनंती झाली त्याने नाकारू नये. आणि यजमानाने सर्वांस पोटभर जेवू घालावे. हे मला जन्मापासून माहीत आहे. माझ्या आजोबांचे घर असेच आले. परंतु मी निवेदनाच्या चौथ्या परिच्छेदाच्या विचारात होतो.

“तुला हे ठाऊक होतं?” मी एदुविनाला विचारले.

“म्हणजे काय? नोल्फा सांगत आली. म्हणाली, मास्तर इतकं छान बोलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोललास.”

जमलेली मिंगा परत पाठवणे ही आमच्याकडे अशी नाचक्की आहे की ती नातवंडांच्या लग्नात आडवी येते. तरीही मी कायदा समजावून सांगण्याच्या हेतूने उताराकडे निघालो. माझ्यामागे बैल निघाले, आणि दुरून पाहणाऱ्यास मीच त्यांना नेतो आहे असे वाटले असल्यास तो दृष्टिभ्रम होता.

श्री. लार्रागिबेल पांढऱ्या झग्यात, कॉफीचा पेला घेऊन फाटकाशी आले. ओंडके टपरीखाली सरकत असतानाच त्यांनी परिस्थिती ओळखली आणि ओरडले, “लिंदोर, टपरी सोडायची नाही.” आत माणूस असताना कोणी हात लावणार नाही असा त्यांचा हिशेब असावा. चिलोएच्या लोकांविषयी त्यांचे ज्ञान तोकडे होते. आजोबांचे घर ओढले तेव्हा आत आजी भाकरी भाजत होती. लिंदोरने रेडिओ मांडीवर घेतला आणि घट्ट बसला.

मग श्री. लार्रागिबेल माझ्याकडे वळले. “मास्तर, कशाला एवढा त्रास घेता?” ते हसून म्हणाले. “महिनाभरात हा उतार यादीतूनच जाणार. मग ही टपरी मी स्वतःच काढून टाकीन. अडवायला कोणी उरणारच नाही.”

“मास्तर,” बाल्दोमेरोभाऊ मागून म्हणाले, “कुठं न्यायची तेवढं सांगा. यजमानानं सांगायचं असतं.”

माझ्या मनात त्या क्षणी कायद्याची चार कलमे होती. तोंडातून निघाले, “पाण्यात.”

मी ते संतापाने म्हणालो. परंतु बाल्दोमेरोभाऊंनी शांतपणे मान हलवली. आमच्याकडे घरे पाण्यावरूनही जातात; पिंपे त्याचसाठी आणली होती. बैलांना हाक गेली, दोर ताणले, टपरी करकरली, आणि फाटक तिला जोडलेले असल्याने शेपटीसारखे तिच्यामागे फरफटत उतारावरून निघाले. साहेबांनी पोलिसाच्या नावाने हाका मारल्या. ओ आली आमच्याच मागून. पोलीस वडिलांची जोडी हाकीत होता.

फाटक गेल्यावर मला भान आले की उतार मोकळा आहे. मी कोंकोर्दिया आणवली. ऐतिहासिक क्षणी पहिली नौका माझी असावी ही अपेक्षा अवास्तव नव्हती. चौघांनी ती खांद्यावरून आणली, तिच्यातली अंडी नोल्फाबाईंनी काढून घेतली, आणि काळ्या कोटात, निवेदन छातीशी धरून, मी तिच्यात उभा राहिलो. तिला लोटले. ती पुढे गेली नाही; ती खाली गेली. घाई न करता, सगळ्या फटींतून सारखीच, मला उभ्या स्थितीत ठेवून ती तळाला टेकली, आणि छातीएवढ्या पाण्यात मी तसाच उभा राहिलो. सबंध गाव गप्प होते. हसले असते तर मी काही बोललो असतो.

माझ्या शेजारून टपरी तरंगत गेली. पिंपांवर, तोल सांभाळून, दारात लिंदोर. तिला ओढायला पलीकडून ओतिलियाच्या शेजाऱ्यांची यांत्रिक होडी आली होती. ती टेकडीवरून फोन करून कोणी बोलावली हे मला नंतर कळले. टपरी काठावरून सुटता सुटता एदुविना वाफाळलेले पातेले घेऊन तिच्यात चढली आणि लिंदोरच्या खुर्चीवर बसली.

“एरास्मो, बाहेर ये, सर्दी होईल,” ती जाता जाता म्हणाली. “लोकांना वाढ. मी ओतिलियाकडे चालले.”

मी वाढले. ओल्या कपड्यांनी, सगळ्या गावाला.

सोमवारी सार्जंट पायाकार आले. श्री. लार्रागिबेल यांची तक्रार गंभीर होती: टपरीची चोरी, राखणदाराचे अपहरण. टपरी सकाळीच परत ओढून आणली होती. तिच्यातून एदुविना, ओतिलिया आणि लिंदोर उतरले. गुडघे गेलेल्या ओतिलियाला दोघांनी उचलून काठावर बसवले. दोन्ही बहिणींचे घसे बसले होते. दोन रात्री त्या भांडल्या होत्या. कोंकोर्दिया काठाशी दगड भरून बुडवून ठेवली होती, लाकूड पाणी प्यावे म्हणून.

सार्जंटनी अपहरणाबद्दल लिंदोरला विचारले. तो म्हणाला, मी कुठंच गेलो नाही, मी टपरीत होतो. मग सार्जंट टपरीत चढले. त्यांनी पिंपे ठोकून पाहिली, या बाजूने त्या बाजूला चालून तोल पाहिला, एका पायावर उडी मारली.

“ही नौका कोणाच्या मालकीची?” त्यांनी विचारले.

येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की मी तोंड उघडले होते. कोणत्याही व्याख्येनुसार टपरी ही नौका ठरू शकत नाही. तिला ना कणा, ना नाळ, ना सुकाणू. हा मुद्दा निर्विवाद होता, आणि चुकीचे विधान माझ्यासमोर तसेच सुटून गेले असे उभ्या आयुष्यात घडलेले नाही. श्री. लार्रागिबेल यांचेही तोंड त्याच मुद्द्यासाठी उघडले असावे. वर्षभरात प्रथमच आम्हा दोघांचे एकमत होणार होते. तेवढ्यात एदुविनाने माझी बाही धरली.

“एरास्मो,” ती बसलेल्या आवाजात म्हणाली, “एकदा गप्प बस. माझ्यासाठी.”

मी तिच्याकडे पाहिले. तिच्यामागे ओतिलिया तिच्या शालीचे टोक हातात धरून बसली होती, आणि वारा मुळीच नव्हता. मी तोंड मिटले. त्या कृतीस लागलेल्या बळाची कल्पना बैलांनाही येणार नाही.

“माझी,” श्री. लार्रागिबेल गरजले. “ती माझी आहे. माझ्या मालकीची, माझ्या लाकडाची, आणि या लोकांनी ती इथून, या उतारावरून, पाण्यात ढकलली. लिहून घ्या.”

सार्जंटनी लिहून घेतले. मालक लार्रागिबेल; याच उतारावरून, याच महिन्यात, पाण्यात गेली; माणसांसह पलीकडे पोचली; माणसांसह परत आली. नंतर त्यांनी काठावर उकिडवे बसून पाण्याखालच्या कोंकोर्दियाकडे बराच वेळ, अत्यंत सौजन्याने, पाहिले. मी फुगणाऱ्या लाकडाविषयी बोलणार होतो. एदुविनाने बाही सोडली नव्हती.

लिंदोर टपरीच्या दारात उभा होता. शालान्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तो जसा उभा होता, तसाच. फक्त या वेळी पाहत माझ्याकडे होता.

सार्जंट उठले, त्यांनी गुडघे झटकले आणि वही मिटली.

“उतार सार्वजनिक राहील,” ते म्हणाले. “टपरी पास. होडी नापास.”